यान पडद्यावर जुळतं, कागदावर का जुळत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: स्वतः कल्पिलेल्या अंतराळयानाचं थ्रीडी मॉडेल तयार आहे. सॉफ्टवेअरने ते सपाट तुकड्यांत उलगडून दिलं, जाड कागदावर छापलं, नीट कापलंही. पण जोडताना नाकाचा शंकू धडावर बसत नाही, लांबट धड पिळवटतं आणि शेवटचा भाग चिकटवायला बोटच आत जात नाही. हाताला सवय नाही म्हणून असं होतंय का? आणि चाचणी-जोडणी नेमकी कशी करायची?

हाताचा दोष यात फार थोडा आहे. पहिली तक्रार कागदाच्या जाडीची, दुसरी आतल्या सांगाड्याची आणि तिसरी जोडणीच्या क्रमाची. उलगडून देणारं सॉफ्टवेअर पेपाकुरा डिझायनर असो की थ्रीडी मॉडेल बनवायच्या ब्लेंडरमधलं 'एक्सपोर्ट पेपर मॉडेल' हे अ‍ॅड-ऑन, त्यांच्या हिशेबात कागदाला जाडी नसते आणि सगळे भाग एकाच क्षणी जुळतात. म्हणून जाडी, सांगाडा आणि क्रम आपणच आराखड्यात घालायचे, आणि घातलेलं बरोबर आहे का ते चाचणी-जोडणीत तपासायचं. चाचणीचं मॉडेल देखणं व्हायची गरज नाही. त्यातून मापं कळली पाहिजेत.

आधी प्रमाण ठरवा. यान काल्पनिक असलं तरी त्याची लांबी मीटरमध्ये पक्की करून टाका, नाहीतर तपशील किती द्यायचा याला आधारच राहत नाही. १२० मीटरचं यान १:४०० प्रमाणात ३०० मिमी होतं. मग २ मीटर उंचीचं दार ५ मिमी आणि अर्ध्या मीटरची खिडकी सव्वा मिमी. दार उठावाचं करता येतं, खिडकी फक्त छापायची. ढोबळमानाने ३ मिमीपेक्षा लहान वस्तू वेगळी कापायला लावू नका. ती कापणारा माणूस तुम्हाला शिव्या देईल आणि ती दिसणारही नाही.

दुसरी मर्यादा पानाची. ए४ कागद २१० बाय २९७ मिमी असतो, पण कडेची जागा सोडून रुंदीत साधारण २०० मिमीच हाती लागतात. ६० मिमी व्यासाच्या नळीचा परीघ १८८.५ मिमी. त्यात ५ मिमीचा टॅब (गोंद लावायची जादा कड) मिळवला की १९३.५. म्हणजे आडव्या दिशेने एका तुकड्यात नळी हवी असेल तर ६० मिमी ही जवळपास कमाल. आराखडा इतरांनाही द्यायचा असेल तर सगळे भाग २०० बाय २६५ मिमीच्या चौकटीत बसवा. लेटर आकाराचा कागद ए४ पेक्षा थोडा रुंद पण बराच आखूड, २१६ बाय २७९ मिमी असतो. ही चौकट दोन्हींवर चालते.

आता आकार. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. म्हणून सपाट पृष्ठभाग, वृत्तचिती आणि शंकू एवढेच आकार तो मुकाट्याने घेतो. गोल किंवा घोड्याच्या खोगिरासारखा दोन दिशांनी वळलेला पृष्ठभाग उलगडत नाही, तो तुकड्यांत मोडावाच लागतो. इथे काल्पनिक यानाचा मोठा फायदा आहे. सॅटर्न ५ चं मॉडेल करणाऱ्याला खऱ्या रॉकेटचे उतार पाळावे लागतात, तुम्ही मात्र यानच कागदाला सोयीचं करू शकता. फुगीर नाकाऐवजी तीन शंकूछेद, म्हणजे टोक कापलेले शंकू, एकावर एक ठेवले तर कोणी चूक म्हणणार नाही. उलट पॅनेलच्या जोडरेषांमुळे ते यंत्रासारखं दिसतं.

शंकूछेद सॉफ्टवेअरवर सोडण्यापेक्षा स्वतः मोजलेला बरा. खालची त्रिज्या ३० मिमी, वरची १८ आणि उंची ५० असेल, तर तिरकस उंची म्हणजे ५० आणि १२ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ५१.४२ मिमी. उलगडल्यावर वर्तुळपाकळीचा पट्टा मिळतो. त्याची बाहेरची त्रिज्या ३० गुणिले ५१.४२ भागिले १२, म्हणजे १२८.५५. आतली त्रिज्या १८ गुणिले ५१.४२ भागिले १२, म्हणजे ७७.१३. कोन ३६० गुणिले १२ भागिले ५१.४२, म्हणजे ८४ अंश. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन कंस काढायला फार वेळ लागत नाही आणि कड एकसंध गोल येते. थ्रीडी मॉडेलमधून उलगडलेल्या शंकूची कड ही छोट्या सरळ रेषांची साखळी असते.

त्या साखळीतच नाक न बसण्याचं एक कारण दडलेलं असतं. थ्रीडी मॉडेलमधलं वर्तुळ खरं वर्तुळ नसून बहुभुज असतो, आणि त्याची परिमिती वर्तुळाच्या परिघापेक्षा कमी भरते. ६० मिमी व्यासाच्या वर्तुळात बसलेल्या २४ बाजूंच्या बहुभुजाची परिमिती १८७.९६ मिमी येते, १२ बाजूंच्या बहुभुजाची १८६.३५. खऱ्या वर्तुळाचा परीघ १८८.५. धड २४ बाजूंचं आणि नाक १२ बाजूंचं केलेलं असेल, तर पडद्यावर फरक दिसत नाही, पण कागद गोल वळवल्यावर दोन कडांमध्ये दीड मिमीहून जास्त तफावत पडते. एकमेकांना लागणाऱ्या भागांच्या बाजूंची संख्या सारखीच ठेवा. गोल दिसायला हवेत अशा भागांवरच्या मधल्या घडीरेषा पुसून टाका, आणि शक्य असेल तर पट्टीची लांबी व्यास गुणिले पाय (π, ३.१४) या हिशेबाने दुरुस्त करा.

गोलाकार टाकी हवीच असेल तर दोन वाटा आहेत. एक, संत्र्याच्या सालीसारख्या उभ्या पाकळ्या. दुसरी, आडवे शंकूछेदाचे पट्टे. पाकळ्या मोठ्या गोलाला शोभतात, पण ध्रुवाशी सगळी टोकं एकत्र येतात आणि तिथे गोंदाचा गोळा होतो. ४० मिमी व्यासाच्या टाकीला १२ पाकळ्या घेतल्या तर प्रत्येक पाकळी मध्यावर साडेदहा मिमी रुंद आणि ६२.८ मिमी लांब होते. अशी २४ कडांची कापाकापी करण्यापेक्षा पट्टे बरे. दर ३० अंशांनी एक पट्टा धरला तर प्रत्येक पट्ट्याची तिरकस उंची १०.३५ मिमी येते. मध्यरेषेलगतच्या पट्ट्याच्या त्रिज्या ७७.२७ आणि ६६.९२, कोन ९३.२ अंश. त्यावरच्या पट्ट्याच्या त्रिज्या २४.४९ आणि १४.१४, कोन २५४.६ अंश. अगदी टोकाची टोपी १०.३५ त्रिज्येची, ३४७.७ अंशांची येते. ती जवळपास सपाटच असते, म्हणून तिथे १० मिमी त्रिज्येची सपाट चकती लावून वर एखादा व्हॉल्व्ह बसवा. डोळ्याला फरक जाणवत नाही.

कागदाची जाडी मात्र अंदाजाने घेऊ नका. २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) कागद साधारण पाव मिमी भरतो, पण गुळगुळीत आणि खरखरीत कागदात फरक पडतो. दहा कागद एकत्र धरून कॅलिपरने मोजा आणि दहाने भागा. पाव मिमी धरला तर १८८.५ मिमी लांबीची पट्टी वळवल्यावर ६० मिमी हा व्यास कागदाच्या जाडीच्या मधोमध येतो. बाहेरचा व्यास ६०.२५ आणि आतला ५९.७५ होतो. म्हणजे आत बसणारी चकती ६० मिमीची काढली तर ती शिरणार नाही, आणि दाबून शिरवली तर जोडाची रेष उकलेल. गोंदाची जागा धरून ती ५९.५ ठेवा. नळीवर नळी चढवायची असेल तर वरच्या नळीची पट्टी खालच्यापेक्षा किमान १.६ मिमी लांब हवी (जाडीच्या दुपटीला पायने गुणून येते ती संख्या), आणि ती सरकवायची असेल तर आणखी अर्धा मिमी. टॅब आत घेतला की तिथे कागदाचे दोन थर होतात, म्हणून चकतीला त्या जागी पाव मिमीची किंचित खाच द्या.

दोन गोल भाग एकमेकांना कसे लावायचे यावर मतं वेगवेगळी आहेत. दातेरी टॅबमुळे जोड घट्ट होतो, पण बाहेरून त्या दातांचे उंचवटे दिसतात. २५ मिमीपेक्षा मोठ्या व्यासासाठी चकतीला चकती ही पद्धत सरस आहे. प्रत्येक भागाचं तोंड १ मिमी पुठ्ठ्याच्या चकतीने बंद करायचं आणि मग दोन चकत्या एकमेकींवर चिकटवायच्या. भाग फिरवून पॅनेलच्या रेषा जुळवता येतात, बिघडलेला एखादा भाग बदलता येतो. चकती नळीच्या आत, कडेशी अगदी समतल बसली पाहिजे. ती कडेवर ठेवली तर प्रत्येक जोडाला २ मिमी वाढतात आणि सात जोडांत यान १४ मिमी लांब होतं. छापलेले पट्टे मग कुठेच जुळत नाहीत. २५ मिमीपेक्षा लहान भागांना दातेरी टॅबच ठीक. दात ३ ते ४ मिमी रुंद आणि ४ मिमी खोल असावेत, त्याहून मोठे झाले की गोलाईत सपाट ठसे उमटतात.

धड पिळवटण्याचं कारण बहुतेकदा सांगाडा नसणं किंवा तो उशिरा घालणं हे असतं. चौकोनी किंवा षटकोनी लांब पेटी नुसत्या कागदाची केली तर शेवटची कड चिकटवताना जो ताण पडतो तो पिळातच जातो. आत १ मिमी पुठ्ठ्याचा एक उभा कणा आणि दर ४० ते ५० मिमीवर आडव्या फ्रेम हव्यात, एकमेकींत अर्ध्या उंचीच्या खाचांनी अडकवलेल्या. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच. कमी झाली तर फ्रेम वाकते, जास्त झाली तर डुलते. फ्रेमच्या मापातून दोन्ही बाजूंची कागदाची जाडी वजा करा. ०.३ मिमी जरी जास्त राहिली तरी बाहेरून बरगड्या मोजता येतात. सांगाडा सपाट काचेवर, गुण्याने काटकोन तपासत जोडा, पूर्ण वाळू द्या आणि मगच कवच चढवा. कवच एकदम गुंडाळू नका. आधी एक बाजू, ती वाळल्यावर शेजारची.

कागदाच्या तंतूंची दिशाही इथे कामाला येते. एकाच मापाच्या दोन पट्ट्या कापा, एक पानाच्या लांबीतून, एक रुंदीतून. दोन्ही टेबलाच्या कडेबाहेर सारख्या लांबीने धरा. जी कमी झुकते तिच्यात तंतू लांबीच्या दिशेने आहेत. नळीचा अक्ष तंतूंना समांतर ठेवला तर कागद सुरेख वळतो. आडवा ठेवला तर वळताना छोटे छोटे मोड पडतात, विशेषतः १५ मिमीपेक्षा लहान व्यासात. पानावर भाग मांडताना जागा वाचवायला नळ्या उलटसुलट फिरवायचा मोह होतो. तो टाळा, एक पान जास्त गेलं तरी चालेल.

आता बंद न होणारा शेवटचा भाग. आराखडा करताना जोडणी शेवटाकडून सुरुवातीकडे अशी मनात करून बघा. शेवटी जो भाग बसणार तो अशा ठिकाणी हवा, जिथे नंतर दुसरं काहीतरी त्याला झाकतं: इंजिनाचा ठोकळा, डॉकिंगचं कडं, खालची टाकी. म्हणजे तिथलं तोंड उघडं ठेवता येतं आणि आत बोट किंवा काडी घालून टॅब दाबता येतो. बोटाला साधारण १५ मिमीची वाट लागते. त्याहून अरुंद पेटीत शेवटचा टॅब आत घेऊ नका. तिथे झाकण वरून ठेवायचं, आणि त्याच्या खाली फ्रेमलाच २ मिमीची पायरी द्यायची, म्हणजे झाकण पायरीवर टेकतं आणि आत पडत नाही.

स्टँडचाही विचार इथेच करा. मागची इंजिनं जड असतील तर गुरुत्वमध्य मागे सरकतो. ३ मिमी काडीसाठी कागदाची नळी कण्याला आतून चिकटवून ठेवा. नंतर नुसत्या कवचाला भोक पाडून लावलेला स्टँड काही दिवसांत कवच फाडतो.

चाचणीची पहिली फेरी अर्ध्या मापात, साध्या ८० जीएसएम कागदावर करा. त्याची जाडी साधारण ०.१ मिमी असते, म्हणजे मापाच्या हिशेबात ती पूर्ण मापाच्या २०० जीएसएमच्या जवळ जाते आणि जाडीच्या चुका इथेच बऱ्याचशा उघड होतात. या फेरीत आकार डोळ्याला कसा दिसतो, भाग सुटले आहेत का आणि टॅब योग्य कडेला आहेत का, हेही बघायचं.

दुसरी फेरी पूर्ण मापात, शेवटी वापरायचा तोच कागद घेऊन, पण रंग न छापता फक्त रेषांची. छापताना 'प्रत्यक्ष आकार' निवडा. 'पानात बसवा' हा पर्याय मुकाट्याने दोनचार टक्के खाऊन टाकतो. प्रत्येक पानावर १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेष ठेवा आणि दोन्ही मोजा. काही प्रिंटर कागद पुढे सरकण्याच्या दिशेने किंचित ताणून छापतात. ९९.५ आलं तरी सगळी पानं सारखी असतील तर चालतं. एका दिशेला वेगळं आलं तर त्या दिशेने ठेवलेल्या नळ्या बसणार नाहीत.

या फेरीत एकच नियम कडक पाळा: जो भाग बसत नाही तो छाटून बसवू नका. छाटल्यावर मॉडेल जुळतं, पण आराखड्यातली चूक तशीच राहते. छाटावंच लागलं तर कापलेली चिंधी त्या भागाच्या छापील पानावर चिकटवून ठेवा आणि शेजारी माप लिहा. फट पडली तर तिथे कागदाची चपटी पट्टी सारून किती थर मावतात ते मोजा. चार थर मावले तर फट १ मिमी. अर्ध्या मिमीच्या आतली चूक हाताची असू शकते. त्याहून मोठी, किंवा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखीच येणारी चूक आराखड्याची समजा. दुरुस्ती करताना एका वेळी एकच माप बदला, आणि तो भाग त्याच्या शेजाऱ्यासह पुन्हा छापून बघा. पूर्ण यान दरवेळी जोडायची गरज नाही.

घड्या आखायला शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी पुरते. धार असलेल्या कटरने रेघ मारली तर २०० जीएसएममध्ये घडी फाटते. पांढरा गोंद टूथपिकने, पातळ थरात लावा. ओला गोंद जास्त झाला की कागद फुगतो आणि वाळताना कड लाटेसारखी होते. रेडिएटर किंवा सौरपंखासारखे मोठे सपाट भाग दोन थरांचे असतात, तिथे हाच त्रास सगळ्यांत जास्त. दोन्ही थरांचे तंतू एकाच दिशेने ठेवा, कोरडा किंवा काठीचा गोंद (ग्लू स्टिक) वापरा आणि वजनाखाली रात्रभर ठेवा. इंजिनाच्या घंटेला आतून वेगळं अस्तर लागतं, नाहीतर कागदाचा पांढरा रंग दिसतो. त्या अस्तराच्या पट्टीची लांबीही वरच्याच हिशेबाने १.६ मिमी कमी. जाळीदार खांब मात्र खरोखर जाळीदार कापायचा हट्ट सोडा. १:४०० प्रमाणात त्रिकोणी पेटीवर काळ्या पोकळ्या छापल्या की पुरे. हवाच असेल तर ८० जीएसएमचा कागद तारेवर गुंडाळून २ मिमीच्या नळ्या करा.

तिसऱ्या फेरीत रंग येतो. रंग कडेच्या बाहेर २ मिमी पसरू द्या, नाहीतर कापताना पांढरी किनार राहते. बाह्यरेषा काळी नको, पॅनेलच्याच रंगाची, थोडी गडद आणि बारीक हवी. घडीरेषा भागावर न छापता कडेबाहेर छोट्या खुणा करा. डोंगरघडी (बाहेर उंच येणारी) आणि दरीघडी (आत दबणारी) यांच्या खुणा वेगळ्या ठेवा. जोडाची रेष शक्यतो खालच्या बाजूला आणि नेमकी पॅनेलच्या रेषेवर आणा. लेझर छपाईचा टोनर घडीवर तडकतो, इंकजेटची शाई ओल्या गोंदाने पसरते. पहिल्याला आधी घडी दाबून मग हलक्या हाताने मोडा, दुसऱ्याला कापण्याआधी शाई पक्की करणाऱ्या फिक्सेटिव्हचा पातळ फवारा मारा. कापलेल्या कडा त्याच रंगाच्या पेन्सिलीने रंगवा. मार्कर कागदात झिरपून पुढच्या बाजूला येतो.

शेवटची जोडणी तुम्ही करू नका. ज्याने आराखडा पाहिलेला नाही अशा माणसाला पानं आणि सूचना द्या आणि मध्ये बोलू नका. तो कुठे थांबतो, कोणता भाग उलटा लावतो, कोणता क्रमांक शोधत बसतो ते टिपून ठेवा. क्रमांक जोडणीच्या क्रमाने द्या आणि टॅबवर किंवा भागाच्या मागे छापा. डावे-उजवे भाग आरशातल्या प्रतिमेसारखे असतील तर '१२डा', '१२उ' अशा खुणा आणि पुढची दिशा दाखवणारा बाण हवाच. त्याने चकत्या कापल्यावर त्यांचा व्यास मोजा. आतल्या बाजूने कापणारा आणि रेषेवर कापणारा यांच्यात सहज ०.३ मिमीचा फरक पडतो, म्हणून 'रेषेच्या मधोमध कापा' हे सूचनेत पहिल्याच ओळीत लिहा. ५ मिमीपेक्षा लहान भागांच्या दोन-दोन प्रती पानाच्या मोकळ्या कोपऱ्यात टाका आणि प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक छापा. जुन्या पानावरची चकती नव्या पानाच्या नळीत घालायचा प्रयत्न हमखास होतो.